वेशीत आडवी बाज

आमच्या गावात महादेवाच्या देवळावर एक भोंगा आहे आणि त्याचं तोंड बरोबर माझ्या दुकानाकडे आहे. तो बसवला तेव्हाच मी म्हणालो होतो, जरा पाराकडे वळवा. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून सोमवारचं भजन, कुणाच्या घरची दुःखाची खबर, रेशनचे तांदूळ आल्याची वर्दी, चुकलेल्या शेळीची चौकशी, सगळं आधी माझ्या कानात आदळतं आणि मग गावाला कळतं. त्यामुळे जगदेवीबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. अलीकडे तिचा आवाज मी देवाच्या नावापेक्षा जास्त ऐकलाय, आणि त्यात गोड म्हणावं असं काही नाही.

जगदेवी ही शिवमूर्तीची बायको. शिवमूर्ती आणि मी शाळेत एका बाकावर होतो, म्हणून ती माझी वहिनी. माहेर तिकडं देवणीच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. एरवी मराठी बोलते, पण डोकं फिरलं की तोंडातून कानडी शब्द निघतो, आणि तो निघाला की आमच्यासारख्यांनी वाद थांबवायचा असतो. शिवमूर्ती शेत बघतो, ती गावातली पिठाची गिरणी चालवते. पट्टा फिरत असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, आणि इतकी वर्षं ओरडल्यावर हळू बोलायची तिची सवय पार मोडली. "हे दळण कुणाचं?" एवढंच ती विचारते, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपली काहीतरी चोरी पकडली गेली.

कपाळाला विभूती, भुवयांवर पीठ आणि कमरेला फोन. हा फोन तिच्या लेकीनं, वर्षाराणीनं, नांदेडहून पाठवला. जावई तिकडं रेल्वेच्या ऑफिसात आहे. लेकीला वाटलं, आई व्हिडिओवर नातवंडं बघत बसेल. आईनं त्यात हवामान बघायला सुरुवात केली.

आता हवामानाचा इशारा हा काय प्रकार असतो, ते तुम्हाला माहीत असेलच. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व सोसाट्याचा वारा यांची शक्यता, नागरिकांनी सतर्क राहावे. आमचं गाव त्या तुरळक ठिकाणांत आहे की नाही, ते त्यात नसतं. सतर्क राहावे म्हणजे उठून नेमकं काय करावे, तेही नसतं. बरं, ज्यांच्यासाठी तो निरोप असतो ते रानात, त्यांचा फोन पिशवीत आणि पिशवी लिंबाच्या फांदीला. शिवाय वारं सुटलं की लाईट जाते, आणि लाईट गेली की टॉवरही झोपतो. रेणापूर घ्या की लातूर घ्या, सगळीकडे हीच तऱ्हा आहे.

जगदेवीनं असा एक निरोप गिरणीत आलेल्या बायकांना वाचून दाखवला. त्यांना तो कळेना आणि हिला समजावून सांगता येईना, म्हणून ती चिडली. "मंग हे कुणासाठी लिहून राहिलेत?" असं म्हणून तिनं पट्टा थांबवला, तशीच पिठाच्या हातांनी देवळात गेली आणि माईक घेतला. "आयकून घ्या. आज दुपारून इजा पडायच्या हायेत. झाडाखाली कुणी थांबू नका." माझ्या हातातून साखरेचं माप सुटलं, तो तिचा पहिला दिवस.

बाईनं देवळाच्या भोंग्यावर बोलावं का, यावर पारावर बराच काथ्याकूट झाला. तिनं पारावर येऊन एवढंच विचारलं, "इजेला कळतंय का, बाई कोण अन् बाप्या कोण?" त्यानंतर माईकच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच राहिली. सरपंच श्रीशैल, पोरगा तसा कामाचा, त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून भोंग्याला जोडून दिली, म्हणजे लाईट गेली तरी तो बोंबलत राहावा. माझ्या कानांचा विचार त्यानंही केला नाही.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण आमच्या गावाला इशारा ऐकू कसा येतो, हे सरकारला माहीत नव्हतं आणि जगदेवीलाही नव्हतं.

दसऱ्याच्या आगेमागे आमच्याकडे सोयाबीन निघतं. कापलेलं पीक रानातच एका जागी रचून ठेवतात, त्या ढिगाला आम्ही बनीम म्हणतो. मळणीचं यंत्र, म्हणजे आमचा हडंबा, गावात मोजकाच. त्याचा नंबर लागेपर्यंत बनीम रानात पडून असते. आणि परतीचा पाऊस नेमका त्याच दिवसांत, दुपार कलली की विजा घेऊन येतो. बनीम भिजली की शेंगा काळ्या पडतात, दाण्याला मोड फुटतात आणि वर्षभराचे कष्ट मातीत जातात. तर भोंगा झाल्यावर माणसानं काय करावं? सरकार म्हणतं, घरात बसा. आमच्या गावात भोंगा झाला की घरात बसलेला माणूस उठायचा, ताडपत्री खांद्यावर टाकायचा आणि रानाकडे पळत सुटायचा. म्हातारे पळायचे, लेकुरवाळ्या बायका पळायच्या. ज्या वेळेला रानात चिटपाखरू नसावं, नेमकं त्या वेळेला सगळं गाव उघड्यावर उभं, हातात ताडपत्रीची टोकं धरून. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. भोंगा झाला म्हणजे बनीम झाकायची वेळ झाली, इतकी ती सरळ गोष्ट होती.

दोन सालांमागे असाच भोंगा झाला आणि भागवतची बायको सिंधु माझ्या दुकानात आली. "आप्पा, सुतळी द्या लौकर, भोंगा झालाय." हसत होती. त्या बाईला हसल्याशिवाय काही मागताच येत नसे. मी बंडल दिलं आणि ती पदर खोचून वेशीकडे पळाली. भागवत लातूरला गेलेला, बनीम झाकायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं एकटीनं ताडपत्री ओढली, तीन टोकं बांधली, आणि चौथं दगडाला बांधत असताना वीज पडली. बनीम कोरडी राहिली. मला आजही त्या कोरड्या बनमीचा राग येतो.

पुढची ग्रामसभा भरली तेव्हा आधी सगळे सिंधुसाठी उभे राहिले, मग खाली बसले, आणि मग श्रीशैलनं शाल-नारळ मागवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो म्हणाला, "शेजारच्या गावात बनमीच्या बनमी भिजल्या. आपली एक न्हाई भिजली. अक्कांनी वेळेवर सांगितलं म्हणून गावाचं सोयाबीन वाचलं. अक्कांचा सत्कार करायचं ठरलंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वाजवायच्या असतात म्हणून. जगदेवी मागं बायकांत बसली होती. ती उठून पुढं आली आणि शाल उलगडायच्या आत तिनं हात आडवा धरला.

"बेड," ती म्हणाली. कानडीत म्हणजे नको.

श्रीशैलला वाटलं, लाजतेय. त्यानं शाल आणखी पुढं केली.

"बेड म्हणलं ना. मी वरडले म्हणून सिंधु रानात गेली. मी गप बसले असते तर ती घरी भाकरी थापत बसली असती. अन् तुमी मला शाल घालून राहिलात, सोयाबीन वाचलं म्हणून. लाज हाय का न्हाई कुणाला?"

मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "अक्का, ईज कुठं पडावी हे का तुमच्या हातात हाय?"

"ईज माज्या हातात न्हाई," ती म्हणाली. "माणसानं कुठं हुबं ऱ्हावं, हे तर हाय ना तुमच्या हातात? माजी मावशी किल्लारीला गेली, भूकंपात. त्या टायमाला कुणी सांगाया आलं न्हाई. ह्ये तर सांगून येतंय. सांगून आलेल्या मरणाला तुमी ताडपत्री घेऊन सामोरं जाता."

आणि तिथंच, शाल टेबलावर तशीच पडलेली असताना, तिनं आपला कायदा सांगितला. बनीम सकाळी उघडायची, वाळवायची, आणि दुपारच्या भाकरीला घरी येताना झाकूनच यायचं. आभाळ असो की कडक ऊन असो. भोंगा झाला की वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. ज्याची बनीम उघडी राहिली त्याची भिजेल.

"भिजू द्या," ती म्हणाली. "भिजलेलं सोयाबीन वाळतंय तरी."

भागवत दाराजवळ उभा होता. सभा संपेपर्यंत तो बसला नाही.

गाव मग महिनाभर या कायद्यावर भांडलं. ओलसर काड उन्हात झाकलं की आतून तापतं, बुरशी धरतं, ही तक्रार काही खोटी नव्हती. जगदेवीनं ती ऐकून घेतली आणि म्हणाली, ताडपत्री खाली जमिनीपर्यंत आणू नका, चहूबाजूंनी वारं खेळेल अशी उचलून बांधा. ते काही जणांना पटलं. काहींना पटलं पण बाईनं सांगितलं म्हणून पटवून घ्यायचं नव्हतं. आणि सगळ्यात मोठा विरोधक तिच्या घरातच होता.

शिवमूर्ती माझ्या दुकानाच्या बाकावर बसून, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकोच्या भोंग्यावर माजं रान चालत न्हाई. ऊन हाय तवर माजी बनीम उघडी ऱ्हाणार."

मी म्हणालो, "हे घरी सांगितलंस का?"

"घरी गिरणी चालू असती. आयकू येत न्हाई."

सगळे हसले. मी हसलो नाही. शिवमूर्तीला मी लहानपणापासून ओळखतो. तो चारचौघांत एकदा बोलला की मागं फिरत नाही, मग त्यात स्वतःचं वाटोळं का होईना. नवरा-बायकोत एकानं तरी ऐकणारं असावं लागतं. या घरात देवानं ती सोय केलेली नव्हती.

आमच्या गावाला जुनी वेस आहे. दार केव्हाच गेलं, पण दोन बुरूज, वरची कमान आणि आतल्या, पूर्वी पहारेकरी बसायचे त्या दोन देवड्या अजून शाबूत आहेत. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. रानाकडे जायचं ते इथूनच. गावामागून एक पाणंद आहे, पण पावसाळाभर तिच्यात गुडघ्याएवढा चिखल, म्हशीसुद्धा नको म्हणतात. गेल्या साली सोयाबीन निघायला लागलं तेव्हा जगदेवीनं घरातली लाकडी बाज आणून वेशीच्या देवडीत उभी करून ठेवली. ही कशाला, असं मी विचारलं.

"भावजी, तोंडानं सांगून आयकणारं गाव हाय का हे?" ती म्हणाली.

तो दिवस सकाळपासून उघडाच होता. ऊन इतकं स्वच्छ की कुणाला आभाळाची आठवणही येऊ नये. तरी दुपारी बहुतेकांनी बनमी झाकल्या आणि भाकरीला घरी आले. काही जगदेवीच्या धाकानं, काही सिंधुच्या आठवणीनं. शिवमूर्तीनं झाकली नाही. हडंबेवाल्यानं त्याला दुपारनंतरची वेळ दिली होती, बनीम उघडी आणि खडखडीत वाळलेली पाहिजे म्हणून सांगितलं होतं, आणि शिवमूर्तीला हे कारण फार आवडलं. हडंबा आला नाही. हडंबेवाले दिलेल्या वेळेला आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. वाट बघून बघून शिवमूर्तीला भूक लागली, आणि तो बनीम तशीच टाकून घरी आला.

जगदेवीच्या फोनवर निरोप आला तो या वेळी. पाठोपाठ नांदेडहून वर्षाराणीचाही फोन आला, की इकडं वाऱ्यानं पत्रे उडून राहिलेत, आभाळ तुमच्याकडं सरकतंय. जगदेवीनं गिरणी बंद केली आणि माझ्या दुकानावरून देवळात गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आयकून घ्या," भोंगा बोलला आणि माझ्या गोळ्यांच्या बरण्या थरथरल्या. "उगवतीकडून आभाळ येऊन राहिलंय. रानात असतील त्यांनी पक्क्या कोठ्यात जावा, झाडाखाली न्हाई. गावात असतील त्यांनी गावातच ऱ्हावा. वेशीबाहेर जायचं न्हाई. कुणीच न्हाई."

मग ती वेशीकडे निघाली. मी दुकान उघडं टाकून तिच्यामागं गेलो. तिनं देवडीतली बाज ओढून काढली, वाटेत आडवी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. दोन्ही कडांना हातभर जागा उरली होती, म्हणजे जायचंच ठरवलं तर माणूस अंग चोरून जाऊ शकला असता. तिलाही ते दिसत होतं.

ज्यांच्या बनमी उघड्या राहिल्या होत्या ते एकेक करून जमले. थोडेच होते, पण आवाज मोठे होते.

"अक्का, पाऊस लांब हाय अजून. आत्ता जाऊन आत्ता आलो."

"बेड."

"अक्का, बाज जरा सरकवा. खामखा तमाशा करू नका."

"तमाशा तर तमाशा. बगा हुबं ऱ्हाऊन."

तेवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली. शिवमूर्ती आला होता. खांद्यावर निळी ताडपत्री, मिशीला अजून वरणाचा थेंब. आता खरा निकाल लागणार होता. हिनं नवऱ्याला जाऊ दिलं तर कायदा तिथंच संपला, मागोमाग बाकीचेही गेले असते. आणि जाऊ दिलं नाही तर त्यांचं स्वतःचं वर्ष पाण्यात गेलं असतं.

"ऊठ," शिवमूर्ती म्हणाला.

"भाकर अर्धी टाकून आलात?"

"ऊठ म्हणलं. बनीम उघडी हाय."

"म्हाईत हाय मला."

"आपली हाय ती. लोकाची न्हाई."

"मला सांगता का कुणाची हाय ते? खुरपायला मीच होते ना तिथं."

"मंग?"

"मंग भिजू द्या."

उगवतीकडे वीज चमकली आणि थोड्या वेळानं गडगडाट आमच्यापर्यंत आला. शिवमूर्तीचं तोंड लाल झालं होतं. इतक्या वर्षांत मी त्याला तिच्यावर हात उचलताना पाहिलं नाही आणि त्या दिवशीही त्यानं उचलला नाही. त्यानं ताडपत्री खाली टाकली, वाकला आणि बाजेचा पाय धरून ओढायला लागला. बाज जगदेवीसकट खरखरत फूटभर सरकली. ती उतरली नाही, तिनं फक्त बाजेची कड घट्ट धरली.

मग गर्दीतून भागवत पुढं आला. तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. बाज हलायची थांबली.

"शिवमूर्तीदादा," तो म्हणाला, "त्या दिवशी ही बाज न्हवती."

शिवमूर्तीनं पाय सोडला. सरळ उभा राहिला. बाजेच्या कडेची ती हातभर जागा त्याच्यापासून एका पावलावर होती, आणि शिवमूर्ती अंगानं बारीकच आहे. तो त्या जागेकडे बघत राहिला. मी मनात म्हणालो, गेला तर आता जाईल. तो गेला नाही.

वारं आलं तेव्हा आम्ही सगळे कमानीखाली आणि देवड्यांत शिरलो. पावसाच्या आधी धूळ आली, मग मोठे थेंब, मग समोरचं काही दिसेना असा पाऊस. वीज अशी कडाडत होती की बोललेलं ऐकू येत नव्हतं. वेशीतून ओढ्यापलीकडे शिवमूर्तीचं रान दिसतं. पाऊस जरा विरळ व्हायचा तेव्हा बनीम दिसायची. वाऱ्यानं तिचा वरचा थर आधी उसकटला आणि मग सगळीच काळी पडत गेली. तिचं बियाणं शिवमूर्तीनं स्वतः निवडलं होतं, मला माहीत आहे, माझ्याच दुकानासमोर बसून निवडलं होतं. तो पापणी न हलवता बघत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

जगदेवी मात्र उभी राहिली होती, बाजेला धरून. तिनं आभाळाकडे तोंड केलं आणि गिरणीत बोलते त्या आवाजात म्हणाली, "पड कुठं पडायचं ते. हितं तुला कुणी गावणार न्हाई."

पाऊस थांबला. आभाळ लगेच मोकळं झालं, काही घडलंच नाही असं. सगळ्यांनी रानाकडे नजर लावली. वीज कुठंच पडली नव्हती. एक झाड मोडलं नव्हतं, एक ढोर दगावलं नव्हतं. उघड्या बनमी तेवढ्या भिजल्या होत्या आणि त्यात सगळ्यात मोठी शिवमूर्तीची होती. माणसांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, कुठंतरी एखादं झाड जळायला पाहिजे होतं असं मलाही वाटलं.

"दाखव," शिवमूर्ती म्हणाला. "कुठं पडली ईज, दाखव."

"न्हाई पडली."

"मंग वर्षाचं पीक कशापायी घालवलंस?"

"ह्ये इचारायला तुमी शिल्लक ऱ्हावा म्हणून," जगदेवी म्हणाली.

आवाज जराही मऊ केला नाही. बाज उचलली, देवडीत उभी केली आणि गिरणीकडे निघून गेली, कारण तिथं दळणं पडली होती.

पुढं जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी ती भिजलेलं काड डांबरी सडकेवर पसरत होती, एकटीच. शिवमूर्ती दुसऱ्या टोकाला पसरत होता, तोही एकटाच. मध्ये भरपूर सडक होती. निम्म्याच्या वर दाणा काळा निघाला. शिवमूर्तीनं तिच्याशी बोलणं टाकलं. जेवायला बसे, हातानं खूण करून भाकरी मागे. ती म्हणे, "तोंडानं मागा, वाढते." तो मग कमी भाकरी खाऊन उठे. अशी दिवाळी झाली.

पारावर पुन्हा काथ्याकूट झाला. भोंगा बाईच्या हातात देऊन चुकलंच, असं ठरलं. वीज तर पडली नाही, मग कसला इशारा आणि कसलं काय. किल्ली परत घ्यायचं ठरलं आणि दोघंतिघं गिरणीवर गेले. मीही गेलो होतो, पण मागं उभा होतो. जगदेवीनं पट्टा थांबवला नाही, सगळं बोलणं त्यांना ओरडून करावं लागलं. त्यांचं ओरडून झाल्यावर ती म्हणाली, "किल्ली मागायला भागवतला पाठवा. त्यानं मागितली तर हितल्या हितं देते."

ते परत आले. भागवतकडे कुणी गेलं नाही. शिवमूर्ती त्या वेळी पारावरच बसला होता. कुणीतरी त्याला म्हणालं, "तू तरी सांग की बायकोला." तो उठून घरी गेला. आम्ही म्हटलं, याचा राग अजून उतरलेला नाही.

यंदा सोयाबीन निघालं तेव्हा बाज पुन्हा देवडीत येऊन उभी राहिली. शिवमूर्ती दुपारी बनीम झाकून येतो की नाही, यावर माझं बारीक लक्ष होतं. तो झाकून येत होता, पण सगळ्यांच्या नंतर आणि कुणी बघत नाही अशा बेतानं.

मग परवा दुपारी आभाळ आलं. जगदेवी गिरणीतून धावत निघाली, पण देवळाकडे नाही, सरळ वेशीकडे; माईकची किल्ली गिरणीत खिळ्यालाच राहिली. बाहेरगावच्या मजूर बायकांची एक टमटम वेशीतून रानाकडे निघाली होती आणि आधी तिला अडवणं भाग होतं. मी दुकानात बसून विचार केला, आता भोंगा कोण करणार? माझे गुडघे देवळाच्या पायऱ्या चढायच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

भोंगा खरखरला. कुणीतरी माईकवर जोरात खोकललं.

"मी शिवमूर्ती बोलून राहिलोय," भोंगा म्हणाला. "आभाळ आलंय. इजा हायेत. ज्यांनी बनमी झाकल्या त्यांनी घरी बसा." पुन्हा खोकला. "ज्यांच्या ऱ्हायल्या, त्यांनीबी घरीच बसा. गेल्या साली माजी भिजली. लई भिजली." मग म्हणाला, "पण मी शिल्लक हाय."

एवढंच बोलून त्यानं माईक बंद केला.

मी गुडघे ओढत वेशीत गेलो. टमटम अलीकडे उभी होती, मजूर बायका देवडीत बसल्या होत्या. वाटेत बाज आडवी, तिच्या एका टोकाला भागवत आणि दुसऱ्या टोकाला जगदेवी. समोर ताडपत्री खांद्यावर घेतलेली दोन माणसं उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, देवळाच्या शिखराकडे बघत होती.

"वहिनी, आयकलं का?" मी विचारलं.

"आयकलं," जगदेवी म्हणाली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. "माईक तोंडात घालून बोलून राहिलेत. शिकवावं लागंल."

उगवतीकडे गडगडलं. त्या दोघांनी खांद्यावरच्या ताडपत्र्या उतरवल्या आणि देवडीत टेकले. वेशीतून कुणी बाहेर गेलं नाही.